न्हाणीघरातली चावी आणि चार पाने

कोल्हापुरात नव्याने आलेल्या माणसाची पहिली फजिती होते ती 'चावी' या शब्दापाशी. माझ्या वर्गातल्या एका वैदर्भीय मित्राने मंगळवार पेठेत खोली घेतली. घरमालकीण आजींनी पहिल्याच दिवशी त्याला बजावले, "न्हाऊन झालं की चावी घट्ट बंद करायची, ठिबकाय नको." हा बिचारा न्हाणीघराच्या दाराला कुलूप शोधत राहिला. पुण्या-मुंबईकडे ज्याला नळ म्हणतात, कुठे कुठे तोटी म्हणतात, ती आमच्याकडे चावी. पाणी 'चावीला' येते, घागर 'चावीखाली' लावतात आणि भांडणेही 'चावीवर'च होतात. शब्द चुकीचा म्हणावा तर तसेही नाही. पाण्याच्या वाटेवर घातलेले ते कुलूपच आहे. मात्र ते भिंतीतून काढायचे किंवा नवे बसवायचे झाले तर त्याला वेगळी किल्ली लागते. तिला पाना म्हणतात, आणि ती निवडण्यात चूक झाली तर काय होते ते मला चांगलेच ठाऊक आहे.

संपादकांनी "वार्षिकाची काही पाने भरून द्या" असे म्हटल्यावर मी लोखंडी पाने देऊ केले, तेव्हा ते जरा गप्प झाले. कला शाखेच्या विद्यार्थ्याने कवितेवर लिहावे, फार तर प्रवासवर्णन लिहावे. पण वाचकहो, कविता न कळल्यामुळे माझ्या हातून आजवर कुणाचे नुकसान झालेले नाही. पाना न कळल्यामुळे झाले आहे.

ही गोष्ट २०२१ च्या जुलै महिन्यातली. मी तेव्हा बारावीत होतो. पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये झाले होते तेच पुन्हा झाले. शहराला पाणी उपसून देणारी केंद्रेच पुराच्या पाण्यात गेली. नदी गावात शिरलेली आणि चावीला थेंब नाही, असा तो विचित्र काळ होता. काळम्मावाडीहून थेट पाइपलाइनने पाणी यायला अजून अवकाश होता. ते आले २०२३ च्या नोव्हेंबरात. आमच्या घरात आम्ही आणि दोन भाडेकरू कुटुंबे, आणि तिघांत मिळून गच्चीवर पाचशे लिटरची एक काळी टाकी. पुराची बातमी आली त्या रात्री ती काठोकाठ भरून घेतली होती. ती किती दिवस पुरवायची याचा हिशोब आज्जीने बोटांवर करून ठेवला होता.

आमच्या न्हाणीघरातली चावी जुनी पितळी, वर फुलीसारखी मूठ असलेली. ती ठिबकत असे. आज्जीच्या उजव्या मनगटात संधिवात, त्यामुळे ती चावी शेवटपर्यंत आवळू शकत नसे आणि तसे कुणाला सांगतही नसे. एरवी कुणाच्या ते लक्षात आले नाही. पण त्या रात्री थेंबांचा आवाज मला झोपू देईना. उठून चावीखाली लिटरभराचा तांब्या ठेवला. वीस मिनिटांत भरला. म्हणजे तासाला तीन लिटर, दिवसाला ७२ लिटर. पाचशे लिटरची टाकी कुणी न वापरता आठवड्यात रिकामी! सकाळी मी ठरवले की ही चावी काढायची आणि माळ्यावर पडलेली दुसरी बसवायची.

गच्चीवर जाऊन टाकीखालच्या गेट व्हॉल्व्हचे चाक फिरवले. ते गरागरा फिरले. व्हॉल्व्ह किती सहज बंद झाला म्हणून मला आनंदच झाला. वास्तविक त्याची आतली दांडी केव्हाच तुटली होती आणि चाक नुसतेच फिरत होते. खाली येऊन चावी उघडून पाहिली असती तरी कळले असते. तेवढे सुचले नाही. शेजारच्या वर्कशॉपातून १८ इंची पाईप पाना मागून आणला, चावीच्या मानेला लावला आणि भिंतीला पाय देऊन ओढला. पहिल्यांदा काहीच हलले नाही. मग हलले, आणि मला वाटले जमले! पुढच्याच क्षणी चावी, तिच्या मागचा सॉकेट आणि पाइपाचा एक तुकडा असे सगळे माझ्या हातात आले आणि भिंतीतल्या भोकातून पाण्याची धार छातीवर बसली.

त्यानंतरच्या पंधरा-वीस मिनिटांचे वर्णन करीत नाही. मी गच्चीवर धावलो, ते चाक फिरवीत बसलो, खाली आलो, परत वर गेलो. घरच्यांनी बादल्या लावल्या, हंडे लावले, शेवटी परात लावली. बाकीचे पाणी मोरीतून पंचगंगेला मिळाले, तिला काही कमी नसताना.

खालच्या खोलीतल्या वहिनींचे बाळ चार महिन्यांचे होते. त्या मला एक शब्दही बोलल्या नाहीत. नुसत्या दारात येऊन बादल्या मोजून गेल्या. दुपारी गल्लीत टँकर आला तेव्हा आज्जी कळशी घेऊन रांगेत उभी असलेली मला दिसली. मी कळशी घ्यायला गेलो तर तिने हात सोडला नाही. "तू ऱ्हाऊ दे," एवढेच म्हणाली.

संध्याकाळी तिच्या ओळखीचे एक मेस्त्री आले. उभे आयुष्य शिवाजी उद्यमनगरात लेथवर काढलेले. आमच्या गावात मेस्त्री या शब्दाला वजन आहे. बाबूराव पेंटर यांनी सिनेमाचा कॅमेरा याच गावात बनवला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला, तेव्हापासून म्हणा किंवा त्याच्याही आधीपासून, बाहेरून आणण्यापेक्षा इथेच करून बघू, ही खोड कोल्हापूरला आहे. मेस्त्रींनी माझ्याकडे पाहिलेच नाही. तुटलेला तुकडा उचलला, चष्मा वर करून त्याच्याकडे पाहिले आणि विचारले, "पाना कुनाचा?"

मी सांगितले.

"अठरा इंची. बाळा, चावी काढत हुतास का इंजान खोलत हुतास?"

मग भिंतीपुढे पाटावर बसून त्यांनी मला जे सांगितले, आणि पुढे त्यांच्या पाठीमागे हिंडून मी जे शिकलो, तेच इथे माझ्या भाषेत देतो.

पहिला प्रश्न असा की, तुटले ते तिथेच का तुटले? भिंतीत खोल एक एल्बो असतो. त्यात पाइपाचा एक आखूड तुकडा, म्हणजे निपल, बसवलेला असतो. निपलच्या बाहेरच्या टोकाला सॉकेट आणि सॉकेटात चावी. हे सगळे एकमेकांत आट्यांनी अडकलेले. आमचा पाइप निळ्या पट्ट्याचा, म्हणजे मध्यम जातीचा लोखंडी पाइप होता. त्याच्या भिंतीची जाडी जेमतेम २.६ मिलिमीटर. आटे पाडताना त्यातली १.१६ मिलिमीटर खोली कापली जाते. म्हणजे आट्याच्या तळाशी दीड मिलिमीटरहून कमी लोखंड उरते आणि तीस वर्षांत त्यातलेही बरेचसे गंज खातो. चावी आणि सॉकेट यांचे आटे गंजाने एकजीव झाले असतील, तर तुम्ही चावीला दिलेला पीळ चावीत थांबत नाही. तो मागे मागे जात सर्वांत अशक्त जागा शोधतो. आमच्या घरात ती जागा एल्बोच्या तोंडाशी होती.

आता पिळाचे माप. पान्याच्या दांडीवर जेवढा जोर लावाल, त्याला दांडीच्या लांबीने गुणायचे. ३० किलोचा जोर ४५ सेंटिमीटरच्या, म्हणजे १८ इंची, पान्यावर लावला की साडेतेरा किलोग्रॅम-मीटरचा पीळ बसतो. तोच जोर आठ इंची पान्यावर लावला तर सहा. शिवाय आखूड पान्यावर पाय देऊन ओढता येत नाही, हा त्याचा मोठाच गुण. न्हाणीघरातल्या अर्ध्या इंची कामाला आठ किंवा दहा इंची पाना पुरतो. त्याने जे हलत नाही ते मोठ्या पान्याने हलवायचे नसते. तिथे रॉकेल किंवा गंज सोडवणारे तेल घालून रात्रभर वाट पाहायची असते. सकाळी आधी किंचित आवळायचे, मग सैल करायचे. आवळण्याच्या त्या एका झटक्याने गंजाची पकड मोडते. मेस्त्री म्हणाले, "लोखंडासंगं भांडाय न्हाई बसायचं. त्येला इच्यार कराय येळ द्यायचा."

आणि मुख्य गोष्ट अशी की, पाने दोन लागतात. मी एकच नेला होता. एक पाना मागच्या सॉकेटला लावून तो स्थिर धरायचा आणि दुसऱ्याने चावी फिरवायची. मग पीळ त्या दोन पान्यांच्या मध्येच राहतो, भिंतीत जात नाही. सॉकेट गिलाव्यात बुडालेला असेल तर छिन्नीने बोटभर गिलावा उडवायचा. चार आण्यांच्या सिमेंटने तो पुन्हा भरता येतो. (चार आणे आता चालत नाहीत हे मला माहीत आहे. मेस्त्री अजून त्यातच बोलतात.)

हे दोन पाने एकाच जातीचे नसतात. पाईप पान्याचे वरचे तोंड मुद्दाम ढिले ठेवलेले असते. दांडी ओढली की ते किंचित कलते आणि त्याचे दात गोल पाइपात रुततात. जितके ओढाल तितके अधिक. अमेरिकेतल्या डॅनियल स्टिलसन नावाच्या कारागिराने याचे पेटंट १८६९ साली घेतले. त्याने लाकडात केलेला नमुना त्याच्या कंपनीला दाखवला, तेव्हा लोखंडाचा करून पाइपावर लाव, एकतर पाइप तुटेल नाहीतर पाना, असे त्याला सांगण्यात आले म्हणतात. तुटला पाइप. दीडशे वर्षांनी आमच्या न्हाणीघरात तोच प्रयोग मी यशस्वी केला, असे म्हणायला हरकत नाही.

म्हणून पाईप पाना हा पाइपाला, सॉकेटला, एल्बोला लावायचा. ज्याला धरायला सपाट बाजू नाही आणि ज्याच्या अंगावर दातांचे वळ उठले तरी चालतील, अशा वस्तूला. तो चावीला कधीच लावायचा नाही. चकचकीत मुलाम्याच्या चावीला तर नाहीच. तिचा मुलामा कागदासारखा पातळ असतो, त्यावर एकदा दात उमटले की ती दुकानातून आणलेल्या दिवशीच जुनी दिसते.

चावीला मानेपाशी बहुधा सपाट बाजू असतात. त्यांना लागतो तो स्क्रू पाना, ज्याचे तोंड अंगठ्याने चक्री फिरवून लहानमोठे करता येते. त्याचे आजचे रूप स्वीडनच्या योहान पेत्तर योहान्सन याने १८९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत सिद्ध केले. हा पाना उलटा लावणारी माणसे मी जागोजाग पाहतो. त्याचा एक जबडा दांडीशी अखंड असतो आणि दुसरा सरकता. जोर अखंड जबड्यावर यायला हवा, म्हणजे पाना सरकत्या जबड्याच्या दिशेने फिरवायचा. उलटा फिरवला की सरकता जबडा हळूहळू ढिला होतो, मग तो घसरतो, मग नटाचे कोपरे गोल होतात आणि शेवटी माणूस पुन्हा पाईप पान्याकडे वळतो. जबडा आणि चावी यांच्या मध्ये सुती फडक्याची एक घडी ठेवली की मुलामाही वाचतो.

विकत घेताना आधी हीच ढिलाई पाहावी. लक्ष्मीपुरीत हार्डवेअरच्या दुकानात गेलो की मी चक्री फिरवून तोंड अर्धे उघडतो आणि सरकता जबडा बोटांनी हलवून बघतो. खडखडला तर परत. घडीव पोलादाचा पाना आणि ओतीव लोखंडाचा पाना यांच्या रंगात फरक नसतो, पण ओतीव पाना दांडीपाशी अचानक मोडतो आणि हात भिंतीवर आपटतो. पुष्कळदा दांडीवर कुठल्या जातीचा माल आहे ते उठवलेले असते, ते वाचावे. नाशिकला १९६९ पासून स्वीडिश तंत्राच्या साहाय्याने पाने-पक्कडी बनू लागल्या, आणि त्या वेळी घेतलेले पाने आज नातवंडांच्या हातात आहेत. एकदा घेतलेला पाना माणसाहून जास्त टिकतो, त्यामुळे त्यात काटकसर करण्यात अर्थ नाही. मात्र पेटीभर हत्यारांचा संच घेऊ नये, हे माझे मत. त्यात दहा वस्तू असतात, त्यांतल्या सात कधी वापरल्या जात नाहीत आणि नेमका हवा तो दुसरा पाना त्यात नसतो.

तिसरे हत्यार म्हणजे पाण्याच्या पंपाची पक्कड, लांब दांड्यांची आणि तोंड टप्प्याटप्प्याने सरकणारी. हिच्याने चावी काढू नये. पण सैल नट धरणे, मोरीच्या बाटलीसारख्या सापळ्याची प्लॅस्टिकची कडी सोडवणे, असल्या हलक्या कामांना ती फार सोयीची.

चौथा पाना बहुतेकांनी पाहिलेलाही नसतो. हात धुण्याच्या बेसिनवर जी उभी चावी असते, तिचा नट बेसिनच्या खाली, भिंत आणि चिनी मातीचे भांडे यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत असतो. तिथे नेहमीचा पाना शिरतो पण फिरत नाही. त्यासाठी उभी लांब दांडी आणि तिच्या टोकाला आडवे, आकड्यासारखे तोंड असलेला बेसिन पाना मिळतो. बेसिनखाली उताणे पडायचे, दांडी वर सरकवायची, आकडा नटाला अडकवायचा आणि खालची आडवी कांडी फिरवायची. डोळे मिटलेले ठेवावेत, वरून गंज पडतो. हा पाना घरटी एक घेण्यासारखा नाही, गल्लीत मिळून एक असला तरी पुरे. बेसिनला येणारी लवचिक नळी मात्र हाताने बसवून वर पाव फेरा आवळली की झाले. तिच्या तोंडात रबराचा वायसर असतो, पाणी तो अडवतो. तिथे टेप गुंडाळणे म्हणजे छत्रीवर रेनकोट.

त्या संध्याकाळी मेस्त्रींपुढे मात्र वेगळाच प्रश्न होता. निपलचा तुटका भाग एल्बोच्या आत आटे धरून बसला होता. त्याला पाना लागणार कुठे? यासाठी चौकोनी निमुळते हत्यार मिळते, पण दुकाने बंद होती. त्यांनी पिशवीतून एक मोडकी कानस काढली, तिचे निमुळते शेपूट तुकड्याच्या भोकात हलक्या हातोडीने ठोकले, कानशीला पाना लावला आणि डावीकडे फिरवले. दुसऱ्या झटक्याला तुकडा बाहेर आला. एल्बोच्या आट्यांना ओरखडाही नाही. हे जमले नसते तर हॅक्सॉच्या नुसत्या पात्याने तुकड्याला आतून चीर पाडून तो आतल्या आत दुमडावा लागतो, आणि त्यात एल्बोचे आटे कापले जाण्याची भीती असते.

मग त्यांनी मला दोन गोष्टी सांगितल्या, त्या अजून बोचतात. एक म्हणजे धार थांबवणे किती सोपे होते ते. टाकीतले पाणी चावीपासून साधारण पाच मीटर उंच. त्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो. पाइपाचे भोक सुमारे दोन चौरस सेंटिमीटरचे. म्हणजे सगळा मिळून जोर एक किलोचा! चिंधी गुंडाळलेली लाकडी खुंटी भोकात दाबून धरली असती तर टाकीत पाणी राहिले असते. मी गच्चीवर धावत होतो. तेव्हापासून माझ्या हत्यारांच्या पिशवीत एक निमुळती खुंटी असते, आणि कुठलाही व्हॉल्व्ह बंद केल्यावर मी खालची चावी उघडून ती कोरडी होईपर्यंत पाना हातात घेत नाही.

दुसरी गोष्ट अशी की, मुळात चावी काढण्याचेच कारण नव्हते. "ठिबकत हुती न्हवं? मग वायसर बदलायचा. भित्तीला कशाला हात लावलास?" जुन्या पद्धतीच्या चावीत मूठ फिरवली की दांडीच्या टोकाचा वायसर खाली जाऊन बैठकीवर दाबतो आणि पाणी थांबते. तो झिजला की ठिबकते. मुठीखालचा षट्कोनी भाग तेवढा स्क्रू पान्याने सोडवायचा, चावीचे अंग भिंतीत आहे तसेच ठेवायचे, आणि वायसर बदलायचा. दहा मिनिटांचे काम. फक्त सोडवताना दुसऱ्या हाताने चावीची चोच घट्ट धरायची, म्हणजे इथेही पीळ भिंतीत जात नाही. मूठ पूर्ण बंद केली तरी ठिबकतच राहिली तर बैठकीला खाच पडली असे समजावे, आणि मूठ फिरवताना दांडीभोवतून पाझरले तर वरच्या ग्लँडची दोरी गेली असे समजावे. चावी बदलण्याचा विचार या तिन्ही गोष्टी पाहिल्यावर.

वायसर कुठून आणायचा? मेस्त्रींनी दाराशी पडलेली माझ्या आजोबांची जुनी कोल्हापुरी चप्पल उचलली, आज्जीकडे पाहिले, तिने मान हलवली, आणि टाचेच्या चामड्यातून त्यांनी रुपयापेक्षा लहान एक चकती कापली. गार पाण्याच्या चावीला पूर्वी चामड्याचाच वायसर असे. पाण्याने चामडे फुगते आणि बैठकीवर चांगले बसते.

नवी चावी बसवायची झाली तर माप आणि आटे यांची थोडी माहिती हवी. दुकानात 'अर्धा इंची' चावी मागतात, पण तिच्या आट्यावर पट्टी ठेवली तर तो जवळजवळ २१ मिलिमीटर भरतो. अर्धा इंच कुठेच सापडत नाही. कारण ते माप पूर्वीच्या पाइपाच्या आतल्या भोकाचे; नाव राहिले, भोक बदलले. हल्ली तिलाच १५ मिलिमीटरची म्हणतात, तेही आतलेच माप. या आट्यांचे इंचाला १४ फेरे असतात आणि त्यांचा कोन ५५ अंशांचा. तो ठरवला इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली. त्याआधी प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. आज लक्ष्मीपुरीत घेतलेली चावी माझ्या आजोबांच्या काळातल्या सॉकेटात जाते, याचे श्रेय त्याचे.

आट्यांतून पाणी पाझरू नये म्हणून काहीतरी भरावे लागते. मेस्त्रींची पिढी ताग आणि सफेदा वापरी. ताग पाण्याने फुगतो, त्यामुळे चावी थोडी मागे फिरवली तरी चालते. जुना सफेदा मात्र शिशाचा असे, पिण्याच्या पाण्याला तो बरा नव्हे. हल्ली पांढरी टेप वापरतात. चावीच्या आट्याचे टोक आपल्याकडे करून टेप घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळायची, नाहीतर बसवताना ती उलगडत जाते. पातळ टेपचे दहा-बारा वेढे लागतात. टेपचा एक दोष असा की आवळून झाल्यावर चावी मागे फिरवली तर सांधा गळतो. चोच सरळ खाली येण्याची जागा ओलांडली गेली तर तशीच मागे आणू नये. पूर्ण काढावी, जुनी टेप खरवडावी, नवी गुंडाळावी. एक वेढा कमी-जास्त केला की चोच हवी तिथे येते. नंतर व्हॉल्व्ह अगदी हळू उघडावा आणि सांध्याखाली जुने वर्तमानपत्र ठेवावे. डोळ्यांना न दिसणारा थेंब कागदावर लगेच दिसतो.

आता घरोघरी प्लॅस्टिकचे पाइप आले आहेत. त्यांना गंज नाही. पण चावी जिथे बसते तो एल्बो आतून पितळी आट्यांचा असावा. नुसत्या प्लॅस्टिकच्या आट्यांत पितळी चावी आवळली की एल्बो उभा चिरतो, आणि तो चिरतो भिंतीच्या आत, फरशा बसवून झाल्यावर. प्लॅस्टिकची चावी असेल तर पाना नकोच. हाताने बसेल तेवढी बसवावी, वर फार तर अर्धा फेरा.

पुराचे पाणी ओसरले, काही दिवसांनी चावीला पाणी आले. वहिनी पुढे माझ्याशी बोलू लागल्या. बाळाच्या आंघोळीच्या पाण्याची बादली मीच वर-खाली नेत असे, तेव्हा बोलण्यावाचून गत्यंतर नव्हते. दिवाळीत साठवलेल्या पैशांतून आठ आणि दहा इंची दोन पाने घेतले आणि आज्जीसाठी पाव फेऱ्याची चावी आणली. हिच्यात वायसर नसतो. गुळगुळीत घासलेल्या दोन कठीण चकत्या एकमेकींवर सरकतात, भोकासमोर भोक आले की पाणी येते. आवळावे लागत नाही, मूठ एका बाजूला लोटली की बंद. मनगटाला काहीच काम नाही. गाळ आला तर चकत्यांवर चरे पडतात, म्हणून बसवण्याआधी पाइपातून बादलीभर पाणी सोडून दिले. सॉकेटला एक पाना, चावीला फडके लावून दुसरा. मेस्त्री दारात उभे राहून बघत होते. काही बोलले नाहीत, ही मी पसंती समजलो.

पहिले काही दिवस आज्जी ती सवयीने तीन-तीनदा फिरवू पाहायची. आता हाताला साबण असला की कोपराने लोटते. जुनी पितळी चावी मात्र तिने मोडीत घालू दिली नाही. ती तिच्या ट्रंकेत आहे, आणि तिच्यात अजून आजोबांच्या चपलेचा वायसर आहे.